मीटर अकराशे चाळीस

नारीनच्या वरच्या अंगाला, मातीच्या धरणाच्या पोटात
तीन किलोमीटर काच पुरलेली आहे,
केसाइतकी बारीक.
तिच्या एका टोकाशी मी बसते,
पत्र्याच्या खोलीत, हीटर पायाशी ओढून,
आणि आत प्रकाश सोडते.

बहुतेक प्रकाश जातो तो जातोच.
परत येतो तो इतका थोडा,
जसं रविवारच्या गुरांच्या बाजारात
हजार मेंढ्यांच्या गलक्यापलीकडून
कुणी आपलं नाव पुटपुटावं.
त्यातून मला सांगायचं असतं
कुठल्या मीटरवर माती गारठली,
कुठे ताणली गेली.

मार्चमध्ये पडद्यावर नुसतं गवत उगवलं होतं.
दीड अंश वर, दीड अंश खाली,
आणि मी शोधत होते अर्ध्या अंशाचा फरक.

बिश्केकहून साहेब फोनवर म्हणाले, प्रकाश वाढवा.
वाढवला.
फार मोठ्यानं ओरडलं की काच स्वतःच बरळू लागते,
हे त्यांना कोण सांगणार.
पुन्हा कमी केला.

मग साधी कामं काढली,
घरात आजारी माणूस असल्यावर काढतात तशी.
जोडाचं टोक स्पिरिटनं पुसलं;
भिंगाखाली धुळीचा एकच कण, डोंगराएवढा.
एक सांधा वितळवून पुन्हा जुळवला.
एका मोठ्या झोताऐवजी
लहान लहान झोत सोडले, ठरलेल्या तालात,
चालू, बंद, चालू चालू, बंद,
परतताना ओळखू यावेत म्हणून.
आणि तोच प्रश्न साठ हजार वेळा विचारला.

गलका दर खेपेला वेगळं बोलतो.
खरं असतं ते तेच ते सांगत राहतं, न कंटाळता.
बेरीज करत गेलं की
गलक्याचं गलक्याशी फिटतं.

याला चाळीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात तोक्तोसुन चहा आणतो.
धरणाचा राखणदार. पहार मातीत रोवून
वरचं टोक दातांत धरतो
आणि धरण ऐकतो.
"तुझ्या पेटीला दात आहेत का?" विचारतो.

मी सांगते, तारा दोन आहेत.
एक मातीला घट्ट बिलगलेली,
ती ताणानंही कळवळते, थंडीनंही,
आणि कशानं ते सांगत नाही.
दुसरी नळीत सैल, तिला फक्त थंडी कळते.
पहिलीतून दुसरीचं वजा केलं की उरतं ते ओढलं जाणं.
"माझी बायको आणि मेहुणी," तो म्हणाला.

गवत वाळत गेलं. रेघ दिसली.
अकराशे चाळीसवर खळगा,
सहा दशांश, फक्त गारठा, ताण नाही.

टॉर्च घेऊन निघालो.
तोक्तोसुन दर पावलाला मागे पडत होता.
उतारावर जर्दाळूची अकरा रोपं,
बुंध्यांना लोकरीचे तुकडे गुंडाळलेले,
आणि वरून, धरणाच्या काठावरून,
रबरी पाइप.

"पाणी धरणाचं," तो म्हणाला, "आणि धरण मी राखतो."
मुळं धरणात नकोत, हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक.
त्यानंच ती काढली, मातीसकट,
गोणपाटात बांधून मेंढवाड्यामागे नेली.
वहीत मी लिहिलं: पाइप होता, काढला.
जर्दाळूंचं नाव घातलं नाही.

चौथ्या दिवशी खळगा भरत आला.
पुरता नाही.
दोन मीटर पुढे, दोन दशांशांचा
एक बारका खड्डा राहिलाच,
इतके दिवस झाडांच्या ओलीआड दडलेला.
टोक पुन्हा पुसलं. पुन्हा साठ हजार वेळा विचारलं.
तेच उत्तर.

बिश्केकचा फोन वाजत राहिला, कुणी घेईना.
तोक्तोसुननं पडद्याकडे पाहिलं नाही.
कप खाली ठेवला, पहार उचलली,
उतारावरचा बर्फ बुटानं सारून
अकराशे बेचाळीसवर वाकला.

मी दारात उभी, रिसीव्हर कानाशी.
बराच वेळ त्यानं दात सोडले नाहीत.